दयारामशेठची खांड

तालुक्याच्या कचेरीत जायचं असलं की दयाराम घरत बोटातली अंगठी काढून रुमालाच्या गाठीत बांधायचा.

स्कूटरच्या डिकीत एक शर्ट कायम असायचा. मळका, खांद्यावर उसवलेला. पाहणीला साहेब यायचे असले की बाभळीच्या आड उभं राहून तो शर्ट चढवायचा. बायकोनं, विनितानं, एकदा तो शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवला. दयाराम तिच्याशी आठवडाभर धड बोलला नाही.

आभाळ भरून आलं की त्याचा चेहरा उजळायचा.

पेपर हातात आला की आधी ‘शेतकऱ्यांना दिलासा’ शोधायचा. दिलासा नसला तर पेपर विनिताकडे, भाजी निवडायला.

शेताकडे बघायचा तोही फोटोच्या बेतानं. मान वाकडी करायचा, एक डोळा मिटायचा, आणि म्हणायचा, “इथून काढला तर नुकसान भरगच्च दिसतं.”

काय करता, असं कुणी विचारलं तर छाती काढून सांगायचा, “शेतकरी.” नवीन पनवेलच्या फ्लॅटच्या गॅलरीतली तुळससुद्धा विनिता सांभाळायची.

माणूस मात्र गोड. भेटला की चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. वयानं धाकट्या मित्रांच्या खांद्यावर हात टाकून खाडीच्या गोष्टी अशा सांगायचा की ऐकणाऱ्याच्या पायाला चिखल लागावा. त्याचा राग यायला वेळ लागायचा, तो त्यामुळेच.

दयाराम मूळचा नांदणखारचा. गाव पनवेलच्या खाली, खाडीला पाठ लावून बसलेलं. भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असलेली भातशेती, आणि तिच्या नि खाडीच्या मध्ये मातीचा एक लांबलचक बांध. बांधाच्या पोटात लाकडी दरवाजा. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला खाडीच्या रेट्यानंच तिची झडप बंद होते. बांध धड आणि उघाडी शहाणी असेल तोवर तिथे भात पिकतं. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड पडली की खारं पाणी आत येतं, आणि मग शेत हा शब्द फक्त सातबाऱ्यावर उरतो.

दयारामचा बाप बुधाजी असल्या बांधावर जन्मला आणि बांधावरच म्हातारा झाला. त्याला दोन मुलगे. थोरला कमळाकर, धाकटा दयाराम. गावची वरच्या अंगाची वरकस जमीन सरकारनं नव्या वसाहतीसाठी घेतली. मोबदला आला, पुढे भूखंड आला. दयारामनं आपल्या वाट्याचा भूखंड बिल्डरला दिला, फ्लॅट घेतला आणि गाव सोडलं. खालची खारजमीन कुणालाच नको होती, म्हणून ती राहिली. ती कमळाकर आणि त्याची बायको भामा कसत राहिली.

दोन हजार पाचच्या जुलैत पाऊस कोसळला, बांधावरून पाणी गेलं, रोपं सडली. सरकारनं भरपाई दिली. पुढच्याच वर्षी काविळीनं कमळाकर गेला. सातबाऱ्यावर त्याच्या जागी भामाचं नाव लावायचं काम दयारामनं अंगावर घेतलं. ते अंगावरच राहिलं.

त्या पहिल्या भरपाईच्या रांगेत दयाराम उभा होता. त्यानं त्या साली शेतात पाऊल टाकलं नव्हतं. चेक मिळाला तेव्हा त्याला वाटलं, चुकून मिळाला. घरी येईस्तोवर वाटायला लागलं, हक्काचा आहे. रात्री जेवताना त्यानं विनिताला समजावून सांगितलं. शेती पिकली तर भात मिळतं, ते कापा, झोडा, भरडून आणा. शेती बुडाली तर पैसे मिळतात. पैसे भरडावे लागत नाहीत.

विनितानं विचारलं, “आणि दादा-वहिनी?”

“त्यांना भात आहे की,” तो म्हणाला.

पुढची दहा वर्षं दयारामनं शेती केली ती अशी. आंब्याच्या कलमांचं अनुदान आलं, त्यानं खारजमिनीत कलमं लावली. पाहणी होईतो हिरवी राहावीत म्हणून रोज टँकरचं गोडं पाणी घातलं. पाहणी झाली, त्याच संध्याकाळी टँकर बंद. ठिबक सिंचनाच्या नळ्या आल्या, जिथे पाय टाकला की गुडघाभर रुततो अशा जागी. त्या नळ्यांवर विनिता गॅलरीत कपडे वाळत घालते. शेततळं खोदलं. त्यात चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, झाल्या. खाडीत चिंबोऱ्या धरणारी रंभा कोळीण त्या तळ्याला ‘सरकारी टोपली’ म्हणायची आणि उचलून न्यायची. पॉवर टिलर आला, हार घातला, फोटो झाला, गेला. कुठे गेला, ते दयारामलाही नीट सांगता यायचं नाही.

या सगळ्याला वाट दाखवणारा एक हितेश होता. कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. झेरॉक्स तो अधूनमधून काढायचा. त्याचा खरा धंदा म्हणजे कुठल्या योजनेत काय दाखवावं लागतं ते सांगणं. दयारामला तो ‘शेठ’ म्हणायचा. गावात तेच नाव पडलं. गावात ते वेगळ्या सुरात म्हणत.

मोबाईलवर नुकसानीचे फोटो काढून पाठवायचे दिवस आले, तेव्हाची ही गोष्ट. दसरा होऊन गेला होता. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे अवकाळी पाऊस झोडपून गेला. भात आडवं झालं. सरकारनं पंचनाम्याचे आदेश काढले आणि दयाराम पेपर घेऊन हितेशकडे आला.

“आमच्याकडे नुसते शिंतोडे,” तो खट्टू होऊन म्हणाला. “वहिनीचं भात सरळ उभं आहे. एक लोंब वाकली नाही.”

“शेठ, खालची दोन खाचरं तुमच्या वाटणीची ना?”

“हो. पण लावलीत वहिनीनंच.”

“म्हणजे तुमचीच. तेवढ्यात पाणी दिसलं की बास. घोट्याएवढं.”

“पण पाऊसच नाही तर पाणी—”

हितेशनं चहाचा कप खाली ठेवला. “शेठ, पाणी कुठून आलं ते साहेब काय चाखून बघणार आहेत?”

दयाराम हसला. मग पेपरची घडी घातली. मग पुन्हा हसला.

नांदणखारात उघाडीची राखण एकेका घराकडे वर्षभर असते. त्या वर्षी पाळी दयारामच्या घराची होती. म्हणजे झडप सडली का बघायची, शेवाळ खरवडायचं, गरज पडली तर उघडायचं ते त्यानं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि त्यानंही मुकाट्यानं लावायचा नाही. आधी खाडीला नारळ द्यायचा. मग बांधावर उभं राहून हाळी द्यायची, “उघाडी उघडतो रं हो!” ज्याचं पीक उभं असेल त्यानं शेतातून ओ द्यायची. ओ आल्याशिवाय लाकडाला बोट लागता कामा नये. बुधाजी म्हातारपणी घसा बसलेला असतानाही हाळी द्यायचा, आणि ओ येईपर्यंत ऊन डोक्यावर घेऊन उभा राहायचा.

दयाराम वद्य अष्टमीला गेला. तिथी त्यानं बरोबर धरली होती. अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी मवाळ, आत येतं ते लाजत येतं. ओहोटीची वेळ साधून तो बांधावर आला. वरच्या अंगाला भामा दिसत होती. तिचं भात गरवं, उशिरा पिकणारं. कापणी पाडव्यानंतर धरायची होती. ती बांधाची कडा तासत होती.

हाळी दिली असती तर तिनं ओ दिली असती. ओ देऊन थांबली नसती. कनाला उघडतंस, असं विचारत खाली आली असती.

दयारामनं हाळी दिली नाही. नारळही आणला नव्हता. त्यानं उघाडीत उतरून झडपेच्या फटीत एक लाकडी ठोकळा ठोकला. आता भरती आली तरी झडप बंद होणार नव्हती.

वर चढतो तो समोर रंभा. डोक्यावर टोपली, हातात लोखंडी आकडी.

“काय रं शेठ, आज पाय चिखलान?”

“उघाडी बघायला आलो. पाळी आहे ना माझी.”

“बघ बघ. तुना बघून चिंबोऱ्या पन बिलान पलाल्या. साहेब आला वाटतंय त्यांना.”

“तुझं आपलं काहीतरीच,” असं म्हणून तो स्कूटरकडे गेला.

संध्याकाळच्या भरतीला खालच्या दोन खाचरांत घोट्याएवढं पाणी आलं. अगदी मापात. दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. हितेशचा फोन आला, साहेबांना मीटिंग आहे, आज नाही. मग कळलं, शनिवारी. शनिवारी कळलं, आता दिवाळीनंतरच. कचेरी रिकामी, सगळे गावाला गेले.

“तोवर पाणी राहू द्या,” हितेश म्हणाला. “पुन्हा कुठे खटाटोप करता?”

मध्ये भामाचाही फोन आला होता.

“भाऊजी, खालचे खाचरान पानी दिसतंय. झडप बसत नाय वाटतं. बघून जा.”

“बघितली वहिनी. परवाच येऊन गेलो. थोडं झिरपतंय. होईल बंद आपोआप.”

“मी बघू का उतरून?”

“छे छे. पाळी माझी. तुम्ही कशाला हात लावता?”

भामानं हात लावला नाही. दिराच्या पाळीत वहिनीनं उघाडीत उतरणं म्हणजे घराची लाज काढणं. ती तिनं काढली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दयाराम बाजारात गेला. झेंडू घेतला, केरसुणी घेतली, बत्तासे घेतले. घरी येऊन पाट मांडला. पाटावर बँकेची पासबुकं ठेवली, त्यांना हळदकुंकू वाहायचं म्हणून. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यानं आदल्या दिवशीच पूजेच्या मुहूर्ताला पेनानं गोल केला होता. त्या गोलाच्या आतच अमावास्येचा काळा ठिपका होता.

खाडीकाठच्या लहान मुलालाही ठाऊक असतं, अमावास्येला उधाण. बुधाजीनं तो ठिपका बघितला असता तर चप्पल न घालता बांधाकडे पळत सुटला असता. दयारामनं त्याच ठिपक्याभोवती गोल काढला आणि त्याला त्यात लक्ष्मी दिसली. अष्टमीला भांग असतो हे ज्याला आठवलं, त्याला अमावास्येला उधाण असतं हे आठवलं नाही. जे उपयोगी होतं तेवढंच आठवलं.

दुपारी भरती भरली. ठोकळ्यानं झडप धरून ठेवलेली. खाडी सगळ्या जोरानिशी त्या दरवाजातून आत शिरली. तिनं आधी चौकटीच्या बाजूची माती खाल्ली. मग चौकट उखडली. मग चौकटीच्या दोन्ही अंगांनी बांध सुटत गेला, ओली भाकरी सुटावी तसा. खालची खाचरं भरली, मधला बांध बुडाला, वरची खाचरं भरली. भामाच्या दाराशी रांगोळी निघत होती तेव्हा रंभा खाडीकडून ओरडत आली. भामा पोचली तोवर उभ्या भाताच्या लोंबीच तेवढ्या पाण्यावर होत्या. थोड्या वेळानं त्याही नव्हत्या.

फोन रंभानंच लावला.

“शेठ, तुजी उघाडी गेली. संगं बांध पन गेला. मोटी खांड परली.”

दयारामचा हात झेंडूच्या माळेतच राहिला. पण तोंडातून पहिला शब्द निघाला तो असा:

“फोटो काढलास का?”

पलीकडून रंभानं जे म्हटलं ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुणाच्या कानावर पडू नये.

भामा भाऊबीज उलटल्यावर आली. नवीन पनवेलच्या त्या इमारतीचा जिना चढून, घोट्याला सुकलेला चिखल तसाच. दयाराम सोफ्यावरून उठला.

“या ना वहिनी, या. विनिता, फराळ आण.”

भामा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

“हाळी दिली व्हती?”

“वहिनी, आत बसून बोलू—”

“हाळी दिली व्हती का त्या सांग.”

दयारामनं समोरच्या दाराकडे बघितलं. “नाही.”

“नारल?”

“वहिनी, आता झालं ते झालं. मी म्हणतो, भरपाई येईल ना? त्यातलं तुम्हालाही देतो. देणार नाही का?”

“भरपाई कनाची? भाताची का जमिनीची?” भामाचा आवाज चढला नव्हता. “येक उधान आला, भात गेला. त्या मी सोसीन. पुनवेचा उधान पन आत आला, त जमीन गेली. मंग तीन वरसा तिच्यावर गवत पन येनार नाय. पुनवेच्या आधी खांड बुजाला पायजे.”

“मग बुजवू की. मजूर लावतो. पैसे देतो मी.”

“पैशाचा बांध बांदशील?”

समोरचं दार आता सताड उघडं होतं. दयारामनं आवाज खाली आणला. “मग काय करू म्हणता?”

“तुना ठाव हाय काय करायचा.”

ठाऊक होतं त्याला. नांदणखारात रीत आहे, हाळी न देता ज्याच्या हातून खांड पडली, खांडीत त्यानंच उतरायचं. गाव काठावरून माती पुरवतं, पण खांडीत पाय घालत नाही. यात दयेमायेचा प्रश्न नसतो. पुढच्या वेळी त्यानं हाळी द्यावी, एवढाच हेतू असतो.

“येतो,” दयाराम म्हणाला. “अष्टमीला येतो. आईशप्पत.”

भामा जिना उतरली. फराळ तिनं घेतला नाही. विनिता ताट हातात घेऊन उभीच होती. “एवढा शब्द दिलात,” ती नवऱ्याला म्हणाली, “आता जा तरी.”

आणि तो गेला. हे सांगितलंच पाहिजे. शुद्ध अष्टमीला, भांगात, ओहोटी लागता लागता दयाराम घरत पँट मांडीपर्यंत दुमडून खांडीत उतरला.

गावात शेती करणारी घरं हाताच्या बोटांवर राहिलेली. बाकीच्यांची जमीन गेली, कुणाच्या गाड्या झाल्या, कुणाचे बंगले. तरी जी होती त्यांतली माणसं आली. काठावर रांग धरली. खणलेल्या घट्ट चिकणमातीचे गोळे हातोहात खाली यायला लागले. खांडीच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे यायचं असतं. बांबूच्या दोन रांगा ठोकायच्या, मध्ये पेंढा आणि मातीचे गोळे आपटून बसवायचे. काम शेवटी मधल्या तोंडापाशी येतं. ते तोंड मात्र एकाच ओहोटीत मिटलं पाहिजे. भरती लागायच्या आत ते मिटलं नाही तर सकाळपासूनचं सगळं धुऊन जातं. अर्धी बुजलेली खांड म्हणजे न बुजलेली खांड.

पहिला तासभर दयाराम धापा टाकत होता. मग काहीतरी झालं. हाताला जुनं वळण सापडलं. लहानपणी बुधाजीनं त्याला असाच खांडीत उभा केला होता. गोळा छातीशी धरायचा, कंबरेतून वळायचं आणि पेंढ्यावर असा आपटायचा की मध्ये हवा राहू नये. दयाराम आपटायला लागला. धप्. धप्. काठावरून गोळे भराभर यायला लागले.

“शेठ, जरा हलू!” रंभा ओरडली. “त्या गोला हाय, साहेबाची सही नाय!”

सगळे हसले. दयारामही हसला, चिखलानं माखलेला.

दुपार झाली तेव्हा मधलं तोंड तेवढं राहिलं होतं. माणूस आडवा झोपेल एवढं. भामा काठावर खाली वाकून गोळे देत होती. ती म्हणाली, “बाबांसारका मारतंस.”

सासऱ्याचं नाव ती दिवाळीपासून पहिल्यांदा काढत होती. दयारामला बरं वाटलं. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर पुढचं पचवायला सोपं गेलं असतं.

फोन वाजला. शर्टाच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. दयारामनं कोपरानं चिखल पुसला आणि पिशवीतूनच कानाला लावला.

“शेठ, उद्या साहेब,” हितेश म्हणाला. “पक्कं. आणि ऐका, खुशखबर आहे. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर पिकाचं वेगळं आणि जमिनीचं वेगळं. जमीन सुधारेपर्यंत मिळत राहणार. फक्त खांड उघडी दिसायला पाहिजे. तुम्ही बुजवत तर नाही ना बसलात?”

“नाही, नाही,” दयाराम म्हणाला. तो कमरेइतक्या खांडीत उभा होता.

फोन पिशवीत गेला. वरून गोळा आला. त्यानं तो हातात घेतला, छातीशी धरला. मग खाली, पायाशी ठेवला. आपटला नाही, ठेवला.

“वहिनी, जरा वर येतो. गरगरतंय. साखर उतरली वाटतं.”

“बस बस,” भामा म्हणाली. “पानी पी. रंभे, गूल हाय का बघ.”

“नको, डिकीत गोळी आहे. घेऊन आलोच.”

त्यानं बांधावर येऊन पाय धुतले. दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, सावकाश. गोळी घ्यायला निघालेला माणूस एवढे पाय धूत नाही, हे आधी रंभाच्या लक्षात आलं. ती काही बोलणार तोवर बाभळीमागून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

रांग थांबली. हातातले गोळे हातात राहिले. कुणी खांडीत उतरेना, रीत तशी होती. ओहोटीचं पाणी खाली जायचं थांबलं, क्षणभर कुठेच जाईना, आणि मग हळूच आत यायला लागलं.

तेव्हा भामा उतरली. नऊवारी कमरेशी खोचून सरळ खांडीत. कुणी तिला अडवलं नाही आणि कुणी रीत काढली नाही. “द्या,” ती म्हणाली. माणसं पुन्हा देऊ लागली, आधीपेक्षा वेगानं. तिनं गोळे आपटले. पाण्यानं ते तिच्या पायांमधून ओढून नेले. तिनं आणखी आपटले. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, तेव्हा रंभानं तिला काखेत हात घालून वर ओढलं. अंधारायच्या आत सकाळपासूनची माती खाचरांत पसरली होती. बांबू तेवढे उभे होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दयाराम वेळेच्या आधी आला होता. खांड दाखवली, खाचरं दाखवली, कुठून फोटो चांगला येईल ती जागा दाखवली. साहेबांनी बांबूंच्या रांगांकडे बोट केलं. “हे काय?”

“बुजवायचा प्रयत्न केला, साहेब,” दयाराम म्हणाला. “दर्यापुढे आपलं काय चालतं?”

साहेबांनी मान हलवली. पंचनाम्यात ओळ घातली: शेतकऱ्याने स्वतः बांध दुरुस्तीचा प्रयत्न केल्याचे दिसून आले. ही ओळ दयाराम पुढे बऱ्याच जणांना वाचून दाखवायचा.

पुनवेचं उधाण आलं आणि आत राहिलं. उन्हाळ्यात खाचरांवर मिठाचा पांढरा थर धरला. भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला आली, म्हणजे दयारामला; भामाचं नाव तिथे नव्हतंच. दयारामनं भामाला एक साडी पाठवली, बरी होती. भामानं ती रंभाच्या सुनेला देऊन टाकली. भामा आता कोन गावच्या एका नर्सरीत कामाला जाते. बंगल्यांच्या कुंड्यांत माती भरते. तांदूळ रेशनचा आणते. दयारामचा विषय निघाला तर शिव्या देत नाही. “कोन दयाराम?” असं विचारते.

दयाराम अजून तसाच गोड आहे. चहा पाजतो. खांड बुजवली ती दुपार इतकी रंगवून सांगतो की न पाहिलेल्याला वाटावं, ती बुजली. गोळा कसा धरायचा, कंबर कशी वळवायची, टपरीवर उभा राहून करून दाखवतो. ऐकणाऱ्यांपैकी कुणी, तिथला असला तर, मध्येच विचारतो, “मग राहिलं काय, शेठ?”

“काही नाही रे. मधलं तोंड तेवढं. एका ओहोटीचं काम. ह्या भांगाला टाकतो उरकून.”

नवे बांबूही आणून टाकलेत त्यानं, बांधाच्या पायथ्याशी. त्यांवर आता कालवं धरली आहेत. पलीकडे खांडीच्या दोन्ही टोकांकडून आलेल्या जुन्या बांबूंच्या रांगा समोरासमोर उभ्या आहेत, आणि त्यांच्यामधून, माणूस आडवा झोपेल एवढ्या त्या जागेतून, दिवसातून दोनदा खाडी आत येते नि बाहेर जाते.